निरोप ठेवतांना

पुण्यांतील एका घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. उन्हाळ्याचे दिवस आहेत. रात्रींचे दहा वाजले आहेत. मुलगा अमेरिकेंत न्यू जर्सी येथें नोकरीस आहे. तेथें या वेळीं दुपारचे साडेबारा झालेले असतात. भाचीच्या लग्नाची तारीख ठरली, ती मुलाला कळवावी, एवढ्याच हेतूनें आई फोन करते. पलीकडे घंटा वाजत राहते. मुलगा कामांत असल्यामुळें फोन उचलला जात नाहीं, आणि मग एकाएकीं त्याचाच आवाज इंग्रजींत बोलूं लागतो. आईला क्षणभर आनंद होतो; पण आपण मध्यें बोललों तरी तो थांबत नाहीं, हें पाहून ती गोंधळते. त्याच्या मागून एक अनोळखी बाई भराभर कांहीं सूचना देते, एक बारीक शीळ वाजल्यासारखा आवाज होतो आणि सारें शांत होतें. आई म्हणते, "हॅलो, हॅलो! अरे, आहेस ना?" उत्तर नाहीं. ती शेजारीं बसलेल्या पतीकडे वळून म्हणते, "अहो, हा बोलत नाहीं हो. आतां काय करायचें?" आणि फोन खालीं ठेवते.

दोन तासांनीं मुलगा आपल्या पेटींतील निरोप ऐकतो. त्यांत लग्नाची तारीख नसते. असतो तो आईचा कावराबावरा स्वर, आणि शेवटीं "आतां काय करायचें?" हे तीन शब्द. वडिलांना हृदयविकार आहे, हें त्याला ठाऊक असतें. तो तत्काळ घरीं फोन लावतो. पुण्यास तेव्हां मध्यरात्र झालेली असते. अवेळीं वाजलेल्या त्या घंटेनें सारें घर दचकून उठतें. ज्यांच्या काळजीनें फोन केला तेच वडील छातीवर हात ठेवून अंथरुणांत उठून बसतात. खुलासा होण्यास दोन मिनिटें पुरतात. परंतु छातींतील धडधड शांत होण्यास अर्धी रात्र लागते.

येथें दोष कोणाचाच नाहीं. आईनें कांहीं वावगें केलें नाहीं, मुलाचेंहि चुकलें नाहीं. परंतु एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. तो अर्धामुर्धा निरोप परत ऐकण्याची, पुसून टाकण्याची आणि नव्यानें सांगण्याची सोय त्या यंत्रानें आईला देऊं केली होती. त्या अनोळखी बाईच्या भराभर सांगितलेल्या सूचनांचें तात्पर्य तेंच होतें. आईनें ती सोय नाकारली नाहीं; ती आहे हेंच तिला कळलें नाहीं. निरोप ठेवणाराच्या हातीं असलेल्या या लहानशा अधिकाराचा विचार करणें अगत्याचें आहे. कारण ज्यांचीं मुलेंबाळें परदेशीं आहेत, त्यांना या यंत्राशीं आज ना उद्यां गांठ घालावीच लागते.

या यंत्रास इंग्रजींत व्हॉइसमेल म्हणतात. म्हणजे आवाजाचें टपाल. त्याची मूळ कल्पना टेलिफोनच्या बाल्यावस्थेइतकी जुनी आहे. डेन्मार्कमधील व्हॅल्डेमार पॉल्सन या अभियंत्यानें १८९८ सालीं पोलादी तारेवर चुंबकशक्तीनें आवाज उमटवून ठेवण्याची युक्ति शोधून काढली आणि तिला "टेलिग्राफोन" असें नांव दिलें. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोझेफ याचा आवाज त्या तारेवर उमटविण्यांत आला, आणि तो आजहि जपून ठेवलेला आहे. घरीं कोणी नसतांना आलेला टेलिफोनचा निरोप राखून ठेवावा, हा त्या शोधामागील हेतूंपैकीं एक होता. पुढें घरोघर टेलिफोनजवळ ठेवावयाचीं, फितीवर निरोप उमटविणारीं यंत्रें आलीं. व्हॉइसमेल हें त्यापुढील पाऊल होय. त्यांत निरोप घरांतील यंत्रांत राहत नसून टेलिफोन कंपनीच्या किंवा कचेरीच्या संगणकांत, प्रत्येकाच्या नांवें राखलेल्या पेटींत राहतो. अमेरिकेंत आयबीएम कंपनीच्या संशोधकांनीं १९७० नंतरच्या दशकांत या दिशेनें प्रयत्न आरंभिले. आणि टेक्सास संस्थानांतील डॅलस येथील गॉर्डन मॅथ्यूज यांना अशाच एका यंत्रणेचें पेटंट १९८३ सालीं मिळालें.

निरोप संगणकांत गेला, म्हणूनच त्याला आज्ञा देतां येऊं लागली. ही आज्ञा कशी पोंचते, हें पाहण्यासारखें आहे. पूर्वींच्या टेलिफोनवर बोटानें फिरवावयाची तबकडी असे. तिच्या योगें केवळ विजेच्या प्रवाहांत खंड पडत. नंबर जुळला कीं तिचें काम संपे. अमेरिकेंत नोव्हेंबर १९६३ मध्यें पेनसिल्व्हेनियांतील कार्नेगी व ग्रीन्सबर्ग या गांवीं ग्राहकांना बटणांचा टेलिफोन मिळूं लागला. त्यावर आरंभीं दहाच बटणें होतीं. पुढें १९६८ मध्यें आणखी दोन आलीं. त्यांपैकीं एकावर तारका असते, तिला स्टार म्हणतात. दुसऱ्यावर फुलीगोळ्याच्या खेळाच्या आंखणीसारखी खूण असते, तिला हॅश म्हणतात. या टेलिफोनवर कोणतेंहि बटण दाबलें असतां एक नव्हे तर दोन सूर एकाच वेळीं निघतात. उदाहरणार्थ, एक या आंकड्याचे सूर सेकंदास ६९७ व १२०९ कंपनांचे असतात, तर हॅशचे ९४१ व १४७७ कंपनांचे असतात. ही जोडी अशी हेतुतः निवडलेली आहे कीं, मनुष्याच्या बोलण्यांत किंवा गाण्यांत ती सहसा सांपडूं नये. त्यामुळें पलीकडचें यंत्र स्वतः बोलत असलें किंवा माणसाचें बोलणें टिपून घेत असलें, तरी त्याचा एक कान या सुरांकडे लागलेला असतो. सूर कानीं पडतांच तें हातचें काम सोडून नवी आज्ञा पाळूं लागतें. पुण्यांत दाबलेलें बटण न्यू जर्सींतील पेटीस हुकूम देऊं शकतें, तें या दोन सुरांच्या बळावर.

निरोप ठेवणारास उपयोगी पडणाऱ्या आज्ञा दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार बोलण्यापूर्वींचा, दुसरा बोलून झाल्यानंतरचा.

बोलण्यापूर्वींची आज्ञा ती प्रास्ताविक भाषण तोडण्याची. पेटीच्या मालकानें स्वतःच्या आवाजांत ठेवलेलें स्वागत, आणि त्यामागून कंपनीच्या सूचना, असें हें भाषण दुहेरी असतें. "न्यूयॉर्क टाइम्स" या पत्राचे तंत्रविषयक स्तंभलेखक डेव्हिड पोग यांनीं जुलै २००९ मध्यें या सूचनांविरुद्ध एक मोहीमच उघडली होती. शीळ वाजल्यावर बोला, बोलून झालें कीं फोन ठेवा, ही गोष्ट आतां कोणास सांगावयास हवी, असा त्यांचा प्रश्न होता. या सूचनांत दर वेळीं सुमारें १५ सेकंद जातात, आणि तेवढ्या वेळाचा आकारहि ग्राहकावरच पडतो, असें त्यांचें म्हणणें होतें. १५ सेकंद म्हणजे कांहीं मोठा काळ नव्हे, असें प्रथम वाटतें. परंतु ज्यास दिवसांतून दोनदां असें थांबावें लागतें, त्याचे वर्षाच्या ३०० दिवसांत अडीच तास केवळ या ऐकण्यांत जातात. हें भाषण एका बटणानें तोडतां येतें. परंतु मौज अशी कीं, तें बटण सर्वत्र सारखें नव्हतें. पोग यांनीं दिलेल्या माहितीप्रमाणें त्या वेळीं अमेरिकेंतील एका मोठ्या कंपनीच्या पेटीला स्टार लागे, दुसरीला एक हा आंकडा लागे, आणि अन्य दोघींना हॅश लागे. म्हणजे ज्याला निरोप ठेवावयाचा, तो कोणत्या कंपनीचा ग्राहक आहे, हें आधीं ठाऊक पाहिजे! चुकीचें बटण दाबलें तर कांहीं ठिकाणीं यंत्रास वाटे कीं पेटीचा मालकच आला आहे, आणि तें त्याच्याकडे गुप्त आंकडा मागूं लागे. निरोप ठेवण्यास आलेल्या पाहुण्याकडे घराची किल्ली मागावी, तसा हा प्रकार होता.

अशा आज्ञा सर्वत्र सारख्या असाव्यात, असा विचार जाणत्यांच्या मनांत पूर्वींच आला होता. आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेनें टेलिफोनवरील निरोपयंत्रांच्या वापराविषयीं १९९५ सालीं एक प्रमाणपत्रक प्रसिद्धहि केलें होतें. परंतु वहिवाट पडून गेल्यावर नियम आला, तर पुष्कळदां वहिवाटच जिंकते. चौदा वर्षांनंतरहि पोग यांना वरील तक्रार करावी लागली, यांतच सर्व आलें. तेव्हां निरोप ठेवणारानें काय करावें? अनोळखी पेटी असेल तर प्रथम स्वागत पूर्ण ऐकावें. आपण योग्य माणसाच्या दारीं आलों कीं नाहीं, हें त्यावरून कळतें. शिवाय तो मनुष्य सुट्टीवर असल्याचें किंवा दुसऱ्या नंबरावर भेटणार असल्याचें त्यांतच सांगितलेलें असूं शकतें. कोणतें बटण काय करतें, हें यंत्रच सांगत असतें. तें एकदां नीट ऐकून फोनशेजारच्या वहींत नांवापुढें टिपून ठेवावें, आणि पुढच्या खेपेस वापरावें. नेहमींच्या पेटीला प्रस्तावना तोडण्यांत अविनय नाहीं. अपरिचित पेटीशीं आंधळेपणानें बटणें दाबीत बसण्यांत मात्र शहाणपणा नाहीं.

तथापि पहिल्या प्रकारच्या आज्ञेनें फार तर वेळ वांचतो. दुसऱ्या प्रकारच्या आज्ञेनें माणसें वांचतात, असें म्हटलें तरी फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

बोलून झालें कीं फोन खालीं ठेवणें, ही सर्वांची सवय असते. समोरासमोरच्या संभाषणांत फोन ठेवणें म्हणजे निरोप घेणें होय. त्यानें बोलणें संपतें, यापलीकडे कांहीं घडत नाहीं. परंतु व्हॉइसमेलच्या यंत्रासमोर फोन ठेवणें हीहि एक आज्ञाच असते. तिचा अर्थ, "जें कांहीं ऐकलेंस, तें आहे तसें मालकाच्या हवालीं कर," असा होतो. उसासा, खोकला, शेजारच्याशीं झालेली कुजबूज, मध्येंच सुटलेला कठोर शब्द, सारें कांहीं त्या एका कृतीनें पोंचतें केलें जातें. पत्र लिहितांना हातीं पत्र असतें. तें वाचतां येतें, फाडतां येतें, रात्रभर उशीखालीं ठेवून सकाळीं फेंकून देतां येतें. टपालपेटींत टाकण्याची कृति वेगळी आणि लिहिण्याची वेगळी. येथें मात्र लिहिणें संपतें तेथेंच पत्र पेटींत पडतें. हा या यंत्रांतील खरा धोका होय.

तो टाळण्याची सोय अनेक यंत्रांत केलेली असते. बोलून झाल्यावर फोन न ठेवतां सांगितलेलें बटण दाबावें. कोठें तें हॅश असतें, कोठें एक. त्याबरोबर मुद्रण थांबतें, आणि यंत्र निरोप ठेवणाराशीं बोलूं लागतें. तें त्याला साधारणतः चार गोष्टी देऊं करतें. निरोप आहे तसा पाठवावा. स्वतः पुन्हां ऐकून पाहावा. पुसून नव्यानें सांगावा. किंवा त्यावर तांतडीची खूण करावी. कोणत्या गोष्टीस कोणता आंकडा, हें यंत्रागणिक बदलतें. म्हणून आंकडे पाठ करण्यांत अर्थ नाहीं, थांबून ऐकण्यांत आहे. लक्षांत ठेवावयाचें तें इतकेंच कीं, फोन ठेवण्यापूर्वीं थांबावें.

या चारांपैकीं पुन्हां ऐकण्याची आज्ञा सर्वांत मोलाची आहे. स्वतःचा आवाज ऐकणें बहुतेकांना आवडत नाहीं, हें खरें. परंतु नोकरीसाठीं अर्ज करणारा तरुण आपला नंबर इतक्या घाईनें सांगतो कीं, त्यांतील दोन आंकडे एकमेकांत मिसळून जातात. पुन्हां ऐकल्याशिवाय तें त्याला कळावयाचें नाहीं, आणि ज्यानें तो निरोप ऐकला त्यानें उलट फोन करावयाचा म्हटलें तरी करावा कोठें? एखाद्या रुग्णाची मुलगी डॉक्टरांच्या पेटींत औषधाचें नांव सांगते. रस्त्यावरील गाडीच्या कर्ण्यांत तें नांवच बुडून गेलेलें असतें. असा निरोप पोंचूनहि न पोंचल्यासारखाच. तो एकदां ऐकून पाहण्यास अर्धें मिनिट लागतें. न ऐकल्यास एक नोकरी जाते किंवा एक दिवसाचें औषध चुकतें.

पुसून टाकण्याच्या आज्ञेचा उपयोग याहून नाजूक प्रसंगीं होतो. रागाच्या भरांत केलेला फोन उचलला गेला नाहीं, तर राग आणखी वाढतो, आणि शीळ वाजतांच तो सर्व त्या मुक्या पेटींत ओतला जातो. समोर माणूस असता तर त्याच्या एका शब्दानें किंवा नुसत्या श्वासानेंहि बोलणाराची जीभ आवरली असती. यंत्र कांहींच बोलत नाहीं. म्हणून बोलणारा वाहवत जातो. दोन भावांतील वाटणीचा वाद, सासरमाहेरचा रुसवा, भागीदारांतील हिशेबाचा तंटा, अशा प्रसंगीं सुटलेले शब्द त्या पेटींत जसेच्या तसे राहतात. प्रत्यक्ष बोललेले शब्द कालांतरानें पुसट होतात, ऐकणारा मनाशीं त्यांना थोडें मवाळ करून घेतो. पेटींतले शब्द मात्र दहाव्या वेळींहि त्याच धारेचे ऐकूं येतात. धनुष्यांतून सुटलेला बाण परत येत नाहीं, असें आपले वडील सांगत आले. या यंत्रांत प्रत्यंचा सोडण्यापूर्वीं क्षणभर थांबतां येतें, एवढी सवड मिळाली आहे. ती न घेणें म्हणजे हातचें दान टाकणें होय.

तांतडीची खूण करण्याचा अधिकार मात्र जपून वापरावा. ती खूण केलेला निरोप इतरांच्या आधीं ऐकविला जाण्याची व्यवस्था पुष्कळ कचेऱ्यांच्या यंत्रांत असते. जो प्रत्येक निरोपावर तांतडी लिहितो, त्याची खरी तांतडी आली म्हणजे तिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. लांडगा आला रे आला ही गोष्ट लहानपणीं सर्वांनीं ऐकलेलीच असते.

एवढ्या सोयी असूनहि बहुसंख्य लोक त्या वापरीत नाहींत, हें या यंत्रांच्या कर्त्यांनाहि प्रथमपासून ठाऊक होतें. यासंबंधीं १९८४ सालची एक हकीकत उद्बोधक आहे. त्या वर्षीं अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें ऑलिंपिक सामने झाले. देशोदेशींच्या खेळाडूंना घरचे निरोप आवाजांतून मिळावेत, म्हणून आयबीएमच्या संशोधकांनीं एक खास यंत्रणा उभारली. जॉन गूल्ड व त्यांचे सहकारी हे तिचे कर्ते होत. ती १२ भाषांत बोलत असे, आणि त्या अवधींत तिचा वापर ४०,००० हून अधिक वेळां झाला. या मंडळींनीं ती यंत्रणा तयार होण्यापूर्वींच तिचे कच्चे नमुने नाना प्रकारच्या लोकांच्या हातीं देऊन पाहिले. कोण कोठें अडखळतो हें टिपून घेतलें, आणि त्याप्रमाणें फेरफार केले. खेळाडूंसाठीं त्यांनीं बटणांच्या थोड्याच आज्ञा ठेवल्या. परंतु दूरदेशींहून बोलणाऱ्या आईबापांवर त्यांनीं एकहि आज्ञा लादली नाहीं. जुळणी करून देण्यास त्या त्या देशाच्या ऑलिंपिक समितीचा मनुष्य असे; आईबापांना यंत्र एवढेंच सांगे कीं, बोलून झाल्यावर फोन ठेवा, तुमचा निरोप तुमच्या मुलास आपोआप पोंचेल.

ही योजना दयाळूपणाची होती, यांत शंका नाहीं. गोंधळलेल्या बापास बटणांच्या रानांत सोडण्यापेक्षां त्याचे दोन शब्द सरळ पोंचविणें बरें, हा विचार योग्यच होता. सामन्याच्या आदल्या रात्रीं "यश घे, बाळ" एवढेंच सांगावयाचें असेल, तर पुन्हां ऐकण्याची गरज कोणास आहे? व्हॉइसमेलच्या यंत्रांतहि फोन ठेवणें म्हणजेच पाठविणें, हीच रीत रूढ आहे. परंतु जी सोय अजाणत्यासाठीं केलेली असते, ती त्याला कायम अजाणता ठेवूं शकते. सर्वच निरोप आशीर्वादाचे नसतात. ज्याला उणेंअधिक बोलण्याचा संभव आहे, त्यानें सोपी वाट सोडून क्षणभर थांबण्याची वाट ओळखून ठेवली पाहिजे. यंत्र ती वाट बंद करीत नाहीं. फक्त ती हलक्या आवाजांत, घाईघाईनें सांगतें.

व्हॉइसमेलचा जोर अलीकडे अमेरिकेंतहि पुष्कळ ओसरला आहे. कोका-कोला कंपनीनें अटलांटा येथील आपल्या मुख्य कचेरींतील ही सोय २०१४ च्या अखेरीस बंद केली. २००७ सालीं आलेल्या आयफोनवर पेटींतील निरोपांची यादी डोळ्यांनीं पाहून हवा तो आधीं ऐकतां येऊं लागला. आणि आतां अनेक फोनांत निरोपाचें लिखाण करून दाखविणारी योजना आहे. म्हणजे निरोप ऐकण्याऐवजीं वाचला जातो. तेव्हां नांव व नंबर सावकाश सांगण्याची गरज कमी न होतां उलट वाढली आहे. कारण घाईच्या उच्चाराचें यंत्र जें लिखाण करतें, तें वाचून कधीं हसूं येतें, तर कधीं अनर्थ होतो.

आपल्याकडे व्हॉइसमेल फारसा रुजलाच नाहीं. येथें फोन उचलला गेला नाहीं, तर "मिस्ड कॉल" हाच निरोप समजला जातो. परंतु म्हणून हा विषय परका ठरत नाहीं. व्हॉट्सॲपवर आवाजाचे निरोप पाठविण्याची सोय २०१३ सालीं सुरू झाली, आणि ज्यांना टंकण्याचा कंटाळा अशा वडीलधाऱ्या मंडळींनीं ती मनापासून उचलली. जगांत असे सरासरी ७०० कोटी निरोप रोज जातात, असें त्या कंपनीनें मार्च २०२२ मध्यें सांगितलें होतें. तेथेंहि तोच धडा निराळ्या वेषांत उभा आहे. बटण दाबून धरून बोलावयाचें, आणि बोट उचललें कीं निरोप गेला! येथें बोट उचलणें म्हणजेच फोन ठेवणें. परंतु बोट डावीकडे सरकविलें तर निरोप रद्द होतो. वर सरकविलें तर बोट न टेकतांहि मुद्रण चालूं राहतें. पाठविण्यापूर्वीं स्वतः ऐकून पाहण्याची सोयहि डिसेंबर २०२१ पासून आहे. गेलेला निरोप ठराविक मुदतींत मागें घेतां येतो, हें खरें. पण तोंवर समोरच्यानें तो ऐकला असेल तर कानांतून तो काढून घेणारें बटण कोणीहि केलेलें नाहीं.

तेव्हां निरोप ठेवणारानें पाळावयाचे नियम थोडे आहेत. बोलण्यापूर्वीं काय सांगावयाचें तें मनाशीं ठरवावें. प्रथम आपलें नांव, मग कारण, मग आपला नंबर सावकाश दोनदां, आणि शेवटीं उत्तर केव्हां हवें तें, या क्रमानें बोलावें. घाबरण्यासारखें कांहीं नसेल तर तसें आरंभींच स्पष्ट सांगावें; दूरदेशीं असलेल्या माणसास तेवढें एक वाक्य फार मोठा आधार देतें. बोलून झाल्यावर थांबावें, यंत्र काय देऊं करतें तें ऐकावें, आणि शंका असल्यास स्वतःचे शब्द एकदां ऐकून पाहावेत. मृत्यूची किंवा तशाच आघाताची वार्ता पेटींत कधींहि ठेवूं नये. "शांतपणें बसतां येईल तेव्हां फोन कर," एवढेंच सांगून ती प्रत्यक्ष बोलण्यासाठीं राखावी. ऐकणारा त्या घटकेस एकटा, गाडी चालवीत किंवा चारचौघांत असेल, याची पेटीला कल्पना नसते; ती निरोप ठेवणारानेंच करावयाची असते.

पुण्याच्या त्या घरीं पुढच्या रविवारीं मुलाचा फोन आला, तेव्हां तो आईला म्हणाला, "आई, मी नसलों आणि ती बाई बोलूं लागली, कीं घाबरूं नकोस. तिचें होऊं दे. मग तूं बोल. बोलून झालें कीं फोन ठेवूं नकोस. एक दाब आणि थांब. चुकलें असेल तर पुसून पुन्हां सांगतां येतें." आईनें तें पंचांगाच्या मागील कोऱ्या पानावर लिहून घेतलें. कांहीं दिवसांनीं तिनें फोन केला, तेव्हां मुलगा पुन्हां कामांत होता. पहिल्या खेपेस ती अडखळली. तिनें एक दाबलें, आपले शब्द ऐकले, आणि ते पुसून टाकले. दुसऱ्या खेपेस ती म्हणाली, "मी आई बोलतें आहें. आम्ही दोघें सुखरूप आहों. लग्न वैशाखांत आहे, तारीख लिहून पाठवितें. सवडीनें फोन कर, घाई नाहीं." मग तिनें तें एकदां ऐकलें, आणि फोन खालीं ठेवला.

त्या रात्रीं पुण्याच्या घरांत घंटा वाजली नाहीं. सर्वांना स्वस्थ झोंप लागली.